टॉवेल फेकला म्हणजे काय

ग्लेनिसबाईंची मेल आली साडेअकराला:
ऑर्डर अर्ध्यावर आणलीय, पण वी आर नॉट
थ्रोइंग इन द टॉवेल.
तीनदा वाचली. गफूरभाईंना विचारलं,
आपण कुठं फेकला होता का टॉवेल?
गठ्ठ्याला सुतळी आवळत ते म्हणाले,
"फेकतंय कोण ताई, मोजून घातलेत की.
बाराशे नग. सही हाय माझी."
शेठना वाटलं, माल परत येतोय.
पंखा बंद करून बसले.

शेवटी लाज गिळून बाईंनाच विचारलं.
त्यांनी लिहिलं, बॉक्सिंगमधलं आहे ते.
आपला माणूस फार मार खायला लागला
की कोपऱ्यात उभा असलेला त्याचा सोबती
रिंगणात टॉवेल टाकतो.
म्हणजे पुरे. हरलो. याला आता सोडा.

त्या दिवशी वही केली, निळ्या पुठ्ठ्याची.
आधीची चार पानं सुताच्या हिशेबाची.
बेकर्स डझन म्हणजे तेरा;
आम्ही नमुने बाराच पाठवले होते.
भाजीवाली वर एक लिंबू टाकते, त्यातलं.
कोल्स टू न्यूकॅसल: तिथं कोळशाच्याच खाणी,
तिथं कोळसा नेऊन कोण विकणार.
त्याच्यासमोर लिहिलं, सोलापुरात चादर.
अर्थ लिहायची गरज पडली नाही.
'नॉट क्रिकेट' अजून कोरंच आहे.
बाई म्हणतात, नियमात बसतं पण शोभत नाही.
आमच्या गल्लीत तर क्रिकेटच तसं खेळतात.

निम्म्या म्हणी कापडाच्याच निघाल्या.
थाप मारायची तर ते सूत कातणार,
जीव टांगायचा तर धाग्याला.
माझी आजी पिंजण खात्यात होती, बाईंनी लिहिलं,
गिरणीचे आता फ्लॅट झालेत.
मी लिहिलं, इथंही.
मग दोन दिवस दोघींनी फक्त दराचं बोललो.

ऑन टेंटरहुक्स अडलं.
रात्री मी मोठ्यानं वाचत होते:
ओलं कापड आकसू नये म्हणून
चौकटीवर ताणायचं, कडेला आकडे.
नान्ना भाकरी शेंगाचटणीत बुडवत होता.
त्याला इंग्रजी येत नाही, मराठीही
बाजारापुरती. हात धुवायच्या आधीच
दोन्ही हातांची बोटं त्यानं वाकवली,
हवेत काहीतरी रुंद धरलं,
आणि खेचलं.
"हातमागावर दात असलेली पट्टी असायची.
नाही लावली तर काठ आत येतो.
लावली तर काठाला भोकं."
जरा थांबून म्हणाला,
"म्हणजे काळजीत असणं. होय ना?"
मी अजून पुढचं वाचलंच नव्हतं.

मग त्याला टॉवेलचं सांगितलं.
कोपरा, सोबती, पुरे, याला सोडा.
त्याला ते आवडलं.
पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला,
"गिरणी बंद पडायच्या आधी अकरा महिने
बिनपगारी गेटवर जात होतो आम्ही.
आमच्या कोपऱ्यात कोण होतं गं?"
मी वही मिटली. तांब्या उचलून आत नेला.

तीन महिन्यांचं बिल थकलं तेव्हा
मीही बाईंना आमच्यातली एक म्हण लिहिली.
भिजत घोंगडं. शब्दाला शब्द लावून:
युवर पेमेंट इज अ वेट ब्लँकेट.
त्यांचं उत्तर जरा ताठ आलं.
त्यांच्याकडं वेट ब्लँकेट म्हणजे
दुसऱ्याच्या आनंदावर पाणी ओतणारा माणूस.
मी माफी मागितली, मग समजावलं:
काम कडेला जात नाही, नुसतं भिजत पडतं,
कोणी पिळत नाही, कोणी वाळत घालत नाही.

दुसऱ्या दिवशी निम्मे पैसे जमा झाले.
खाली एक ओळ होती: आता मीही वही केलीय.
सांगा, घोंगडं नक्की किती दिवस भिजवतात?

नान्नाला विचारलं.
तो हसला. "आपण सुताची माणसं,
लोकरीचं मला काय विचारतेस.
जा, धनगराला विचार."