विसावा दिवस

वेंगुर्ल्याच्या टेकाडावर, काजूच्या बागेला लागून
आमच्या कॉलेजचं प्राणीघर.
खिडक्यांना दुहेरी जाळी: सापांना वास कळतो.
बारा तास उजेड, बारा तास काळोख.
लाइट गेली की जनरेटर सूर्य सांभाळतो.

सकाळी साडेसात. ड्रॉपर, सलाइन, काचपट्टी.
शुक्राणू दिसले की वहीत लिहायचं: दिवस शून्य.
आमच्या वाडीत बाईला दिवस जातात,
इथे ते येतात, मोजून.

नवाबागेतल्या कावेरी तांडेलनं मुळीचं नाव सांगितलं
पण लिहू दिलं नाही.
रिपोर्टात ती आहे नमुना क्रमांक सात.
दगडावर उगाळून, चमचाभर, निरशा पोटी,
ओकारी थांबत नसेल त्या गरोदर बाईला.
"शंभर बाळंतपणां केलंय मिया,
एकाय बायलेन तक्रार करूक नाय."

कमिटीनं विचारलं होतं, चोवीसच का?
बाविसात भागणार नाही?
चार गट, प्रत्येकी सहा माद्या.
पहिल्या गटाला नुसतं डिंकाचं पाणी.
सहाव्या दिवसापासून पंधराव्यापर्यंत
मानेची कातडी चिमटीत धरून
वाकडी नळी घशाखाली.
नावं ठेवायची नाहीत असा नियम आहे.
गिळ गो बाय, म्हणायला बंदी नाही,
निदान तसं कुठे लिहिलेलं नाही.

विसावा दिवस.
विसावा कसला.
बाविसाव्याला त्या आपसूक व्याल्या असत्या
आणि अधू पिल्लू आईनंच खाऊन टाकलं असतं,
म्हणून आपण दोन दिवस आधी पोचायचं.

गर्भाशय शेवग्याच्या शेंगेसारखं, दोन फाट्यांचं.
जिवंत, मेलेले, वजन, शेपटीची लांबी.
मग तो रकाना, जो मला आधी कळलाच नव्हता:
रुजलेले, पण विरून गेलेले.
मागे फक्त काळपट ठिपका, मोहरीएवढा.
आई आपलं आपल्यातच परत शोषून घेते.

कावेरीमावशीच्या शंभरात
हा रकाना नाही.
जिची पाळी दीड महिन्यानं आली
आणि जी तशीच मासळी घेऊन बाजारात बसली,
तिनं तक्रार कुणाकडे करायची, कशाची?

उरलेली पिल्लं रंगात घातली.
मांस काचेसारखं निवळलं, हाडं लाल झाली,
रतांब्याच्या आगळात बुडवून काढल्यासारखी.
बरणीत ग्लिसरीन, ग्लिसरीनमध्ये बरगड्या.
तेरा, तेरा, तेरा.
एकाला चौदावी, अर्धी. पहिल्या गटातल्या,
नुसत्या पाण्यावरच्या.

रविवारी मी तिच्याकडे गेले.
ती जाळ्याच्या ढिगावर बसून सुकट निवडत होती.
"तुझ्या उंदरणींका ओकारे येतत काय गो?"
उंदरांना ओकता येत नाही, मावशी. जमतच नाही.
"मगे त्यांका ह्या कित्या पाजतंस?"
माझ्याकडे उत्तर होतं, तीन पानी.
तिथे सुकटीच्या वासात
ते काढायला जागा सापडली नाही.

रात्री वहिनीचा फोन, शिरोड्याहून.
तिला आठवा आठवडा. मुळी कुणीतरी आणून दिलीय.
घेऊ का? तू त्यातलीच ना?
चौथ्या गटात ठिपके जास्त होते,
पण माद्या सहाच,
आणि सरांनी अजून आकडेमोड केलेली नाही.
मी म्हटलं, थांब.
किती दिवस, ती म्हणाली,
आणि फोन तसाच ठेवून मोरीकडे धावली.
मी ऐकत राहिले.
नळ. मग ती. मग नळ.