भांगाचं पाणी

फॉर्मवर नऊ प्रश्न, आणि मागच्या पानावर चौकटी:
एकटे राहता का. जोडीदार हयात आहे का.
झोप. भूक. साखर. कानांना ऐकू येतं का.
मी खुणा करत जाते. खूण करणं सोपं,
फक्त खाऱ्या हवेनं कागद नरम पडलाय,
पेन जरा दाबलं की पलीकडे निघतं.

जैतूनबी सोलकरांकडे आधी चहा होतो.
प्रश्न मी तीनदा विचारते. तिसऱ्यांदा त्या हसतात
आणि भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतात.
दोन वर्षं झाली, कुणाच्या लग्नाला गेल्या नाहीत.
वाडी म्हणते, मुलगा मस्कतला लागला आणि बाईला गर्व झाला.

नीलिमा कुबल, सत्तेचाळीस, सासू अंथरुणावर,
नवरा बोटीवर. कुठल्या समुद्रात, ते तिलाही ठाऊक नाही.
उत्तरं तिनं उभ्या उभ्याच दिली.
शेवटचं बरं कधी वाटलं होतं, विचारलं,
तर वाळत घातलेल्या चादरींकडे बघत राहिली,
तारीख तिथं कुठं लिहिलेली असावी तशी.
मग म्हणाली, पुढच्या खेपेला पावणेचारला या,
तेव्हा त्यांचा डोळा लागतो.

मोतीराम सारंग. अडुसष्ट.
एकोणचाळीस वर्षं खाडीवर तर चालवली.
नवऱ्या, बकऱ्या, शाळेची पोरं, एकदा एक बाजाची पेटी,
एकदा मला, भर रात्री, वेणा सुरू झालेल्या.
पैसे घेतले नव्हते.
मग पूल झाला. पुलाला वाईट कसं म्हणू,
अॅम्ब्युलन्स आता सहा मिनिटांत येते.
त्याच वर्षी गुणाबाई गेल्या.
मी दोन चौकटींत दोन खुणा केल्या.
तिसरी, ते अजून पहाटे चारला उठून
धक्क्यावर जाऊन बसतात, तिला चौकट नाही.

“उदास वाटतं का?” फॉर्ममध्ये असंच छापलंय.
ते खूप वेळ पाण्याकडे बघत होते.
“दुख्ख नाय गो,” म्हणाले. “माका भांग लागलो.
पाणी येता पण चढणा नाय,
जाता पण पुरा सुकणा नाय.
होडी हलता, चलणा नाय.”
मी म्हटलं, काका, अष्टमीचा भांग अमावास्येपर्यंत सरतोच की,
पुन्हा उधाण येतं.
“तेका तिथ आसता,” म्हणाले. “ह्या भांगाक तिथ नाय.”

पेन हातात तसंच राहिलं.
मी त्रेपन्न वर्षांची आहे.
दोन वर्षं रात्री अडीचला जागी होते, घामानं भिजून,
पंख्याच्या पात्यांकडे बघत पडते,
आणि सकाळी डबा भरून लोकांना झोपेबद्दल विचारत हिंडते.
हे कुणाला सांगितलेलं नाही.
त्यांनाही सांगितलं नाही.
फक्त विचारलं, भांगात तर कशी चालवायचे?
“वल्ह्यान,” म्हणाले. “आनी काय?
पण वल्ह्याक मानूस व्हयो, पलीकडे जावचो.”

मंगळवारी ग्रामीण रुग्णालयात मनाची डॉक्टर येते,
तिच्या नावाची चिठ्ठी दिली.
त्यांनी ती उलटी करून पाहिली, मागं कोरी होती.
“पुलावरसून जावक व्हया?”
तेव्हा कळलं, पूल होऊन पाच वर्षं झाली
आणि मोतीरामकाकांनी त्यावर अजून पाय ठेवलेला नाही.

मंगळवारी सव्वानऊला मी पुलाच्या तोंडाशी उभी राहिले.
साडेनऊ. एक टेम्पो गेला, माशांच्या बर्फाचा.
कोणी आलं नाही.
मग खालून, खांबांच्या सावलीतून, हाक आली,
तीच, उताराला टाकायचे ती, लांबट, शेवटी तुटणारी.
इस्त्रीचा शर्ट, चिठ्ठी खिशात, पायाशी पाणी उपसायचा डबा.
होडी गळत होती, ते दिसतच होतं.

उतरताना माझी चप्पल चिखलात रुतली.
“बस,” म्हणाले, “आनी डबो घी हातात.”
मी पाणी उपसत राहिले, ते वल्हवत राहिले.
खाडी तशीच होती, ना भरती ना ओहोटी.
मधोमध आल्यावर त्यांनी वर, पुलाकडे बघून विचारलं,
“तू झोपतंस मा बरी?”