दहा टक्के काठ

नऊ सेकंदांची बोट.
त्या हिवाळ्यात इतकंच काम होतं:
ओउलूच्या स्थानिक वाहिनीवर, बातम्यांच्या आधी,
एक लाल मासेमारी बोट धक्क्याला लागते,
मागे सूर्य, वर तीन दोर, चौथा फेकलेला.

दोनशे पंचवीस चित्रं. एकेकाला अकरा मिनिटं.
संगणक दोन रात्री कण्हत होता
आणि मधला दिवस, म्हणजे काय,
साडेदहाला उजाडून अडीचला विझलेला.
मी खुर्चीतच, कोटाची उशी करून.

माझ्या पडद्यावर देखणी होती ती.
दोर केसाइतके बारीक,
लाल असा की हात भाजावा.

ताउनोनं बंदरावरच्या कँटीनमधला टीव्ही उचलून आणला,
कोळी जेवताना बघतात तो,
माथ्यावर कॉफीच्या पेल्यांची वर्तुळं.
"इथं नीट दिसलं तर कुठंही दिसेल,"
म्हणाला, आणि वायर खोचली.

काय सांगू.
सूर्याचं पोट सुटलेलं.
दोर थरथरतायत ताप भरल्यासारखे.
लाल बोटीबाहेर ओघळून पाण्यात.
वाहिनीचं नाव पांढरंशुभ्र उमटलं
तर स्पीकरच गुणगुणायला लागला, आत माशी अडकल्यासारखा.
आणि बोट? दोन पावलं पुढे, एक मागे,
घरी जायचं नसलेल्या माणसासारखी.

"हा पडदा एका दमात काही सांगत नाही," ताउनो म्हणाला.
"आधी एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या.
अर्धं आत्ता, अर्धं सेकंदाच्या पन्नासाव्या भागानं.
तू उरलेलं अर्धं आधी दिलंस.
आणि त्या लालला जरा हातचं राखायला शिकव."

मग दोर जाड केले, कडा धूसर.
लाल उतरवत विटेपर्यंत आणला.
पांढऱ्यात राखाडीची चिमूट.
माझ्या पडद्यावर बोट आता आजाऱ्यासारखी,
कँटीनच्या टीव्हीवर टवटवीत.

"तो कोपऱ्यातला माणूस दिसणार नाही," ताउनो म्हणाला.
"टीव्ही कडेचं दहा टक्के खातो. आत घे त्याला."

मी त्याला सांगितलं नव्हतं कोण ते.
धक्क्याच्या टोकाला, अंगठ्याच्या नखाएवढा,
आर्मास. बोटींचे दोर झेलायचा.
मार्चमध्ये बर्फावरून चालत गेला,
तेव्हा बर्फ पातळ झाला होता.

आत घेऊन पाहिला.
चौकटीत तो कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा दिसायला लागला.
पुन्हा काठावर ठेवला.

टेपचं यंत्र दर चित्राला पाच सेकंद मागे जायचं,
धाव घ्यायचं, एक चित्र टिपायचं, थांबायचं.
दोनशे पंचवीस वेळा.
पहाटे ताउनोनं टेप मागे नेऊन सलग लावली
आणि मॉनिटरवरचं ते छोटं बटण दाबलं
ज्यानं चित्र आक्रसतं, काठ उघडे पडतात.
आर्मासचा हात वर गेला.
ताउनोनं बटणावरचं बोट काढलं नाही, नऊही सेकंद.
"झेल नेमका आहे," एवढंच म्हणाला.

सहाला कँटीनमध्ये गर्दी. सामन माशाचं सूप, ओले हातमोजे हीटरवर.
बोट आली.
दोर सुटला, खालच्या कोपऱ्यातून चित्राबाहेर गेला,
आणि ताणला गेला.

खिडकीजवळच्या म्हाताऱ्या पेन्तीनं
चमचा हातातच धरून ठेवला,
बातम्या सुरू झाल्या तरी.