विरोधी बाजू

चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात होत्या,
झाकणावर जिमखान्याचं नाव कोरलेलं.
मी उघडली तिच्यात होतं : विरोधी.
विषय एकोणनव्वद सालचा,
'शांतिसेना श्रीलंकेतून माघारी बोलवावी',
आणि मी म्हणायचं, बोलवू नये.

नंदू मिठारी बाजूनं होता.
गुळाच्या अडत्याचा मुलगा, आवाज खणखणीत.
म्हणाला, शेजाऱ्याचं भांडण सोडवायला गेलेला
दोन्हीकडून मार खातो,
हे आमच्या गल्लीतल्या पोराला कळतं,
दिल्लीला दोन वर्षं कळेना.
हॉल हसला.
तालमीची पोरं मागं उभी होती, त्यांनी शिट्ट्या मारल्या.

माझीही तयारी होती,
पेपरची कात्रणं वहीत डकवलेली.
म्हटलं, जखम अर्धी बांधून उठतो
त्याला कुणी वैद्य म्हणत नाही.
म्हटलं, हजाराच्या आसपास पोरं गेली,
आता परतलो, तर ती गेली कशासाठी?
हे वाक्य मला तेव्हा फार आवडायचं.
आरशासमोर चारदा म्हटलं होतं,
चौथ्यांदा 'कशासाठी'वर आवाज खाली आणून.

नंदू खंडनाला उठला :
ज्यांच्या घरचं कुणी तिकडं नाही
त्यांनाच लढाई लांबवायची हौस.

माझ्या पर्समध्ये सर्जेदादाचं पत्र होतं.
कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं.
आमच्या शिरोळ तालुक्यात ही सांगायची गोष्टच नव्हे,
एका आळीत चार-चार घरं फौजेची,
कुणाचं पोर कुठं आहे ते पोस्टमनला पाठ.
मी पत्र काढलं.
हॉलमधल्या पंख्यांचा आवाज यायला लागला.
वाचलं :
'इथली माती पन्हाळ्याच्या वाटेगत तांबडी हाय.
ताडाची झाडं लई. आम्ही समदे बरे.
काळजी करू नका,
हाती घेतलेलं काम पुरं करूनच येतो.'

आणि तिथं घडी घातली.

घडीच्या खाली होतं :
'एवढं आईला वाचून दाखव.
तुला म्हणून लिहितो.
आलो तवा लोकांनी हार घातले,
आता आम्हाला बघून दारं लावून घेत्यात.
परवा आमच्यातला एक गेला.
नाव लिहीत नाही, दत्तवाडला अजून कळलं नसंल.
घरी जावं असं सगळ्यांनाच वाटतंय.
आम्हाला कोण इचारतंय.'

परीक्षक होते घाटगे वकील.
चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.
पहिला नंबर. पितळी ढाल.
नंदू जवळ येऊन म्हणाला,
माफ कर, मला ठाऊक नव्हतं.
मी म्हटलं, असू दे.
मोठ्या मनानं म्हटलं.

पाडव्यानंतर दादा आला. सुट्टीवर, धड, हातापायानं.
रात्री गंगावेशीत दूध प्यायला गेलो.
म्हशी रस्त्यातच उभ्या, धार सरळ ग्लासात.
'ढाल मिळाली म्हणं, आई सांगत हुती.'
मी विषय सांगितला.
बाजूही सांगितली.
पत्राचं नाही सांगितलं. अजून नाही,
आता त्याचे दोन्ही गुडघे गेलेत, साठी उलटली,
आणि ढाल माळ्यावर कुठंतरी आहे.

तेव्हा त्यानं रागावायला हवं होतं.
त्यानं विचारलं,
'बोलायला वेळ किती देत्यात?'
सात मिनिटं. सहाव्याला एक घंटा,
सातव्याला दोन. मग थांबायचं.
'वाक्य अर्धं राहिलं तरी?'
राहिलं तरी.
'घंटा कोण वाजवतंय?'
असतो एक मुलगा, म्हटलं, कोपऱ्यात,
घड्याळ घेऊन बसलेला.
कोण काय बोलतंय याच्याशी त्याला काही नसतं.

दादानं ग्लास अजून तोंडाला लावला नव्हता.
गवळी म्हणाला, पावनं, प्या की,
फेस बसला की चव जाती.

बसू दे, दादा म्हणाला.