पान सत्तेचाळीस

वर्षभर मी पुष्कळ वाचलं, असं म्हणायला हरकत नाही.
गोळ्यांच्या खोक्यांतले घड्या घातलेले कागद,
मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत:
मळमळ, खाज, क्वचित मृत्यू.
विम्याची पत्रं. टॅक्सीचं भाडं कुणी द्यायचं
याबद्दलची चार पत्रं,
त्यातलं चौथं पहिल्याला खोटं पाडणारं.
सोदांक्युला ते रोव्हानिएमी, एकशे तीस किलोमीटर,
आठवड्यातून तीनदा.
रस्त्यावरच्या पाट्या तर तोंडपाठ:
रेनडिअर. रेनडिअर. वळण. रेनडिअर.

साईमीचं रक्त यंत्रातून फिरून यायला चार तास लागत.
मी पिशवीतून एक कादंबरी न्यायचो.
पहिली ओळ वाचायची,
मग तीच ओळ, मग पुन्हा तीच.
पालथ्या घड्यावर पाणी.
गोष्टीतली बाई आगगाडीतून उतरताना
सहा आठवडे एक पाय पायरीवर ठेवून उभी होती.
शेवटी तिला तशीच परत केली,
फलाटावर कोण आलं होतं, तेही न बघता.

सप्टेंबरात मेहुणीनं आपली एक किडनी दिली.
हे एवढंच लिहितो.
याच्या पुढची ओळ मला अजून येत नाही.

मग घर. मग बर्फ. मग दुपारी दोनलाच पडणारा अंधार.
साईमी भिंत धरून चुलीपर्यंत,
मग न धरता,
मग माझ्यावर खेकसत, की सारखा बघू नकोस.
कुठे बघायचं मग?
उतू जायला आलेल्या दुधापुढे बसावं
तसा बसून राहायचो,
चुलीवर दूध नसताना.

ग्रंथबस एका मंगळवाराआड येते,
बंद पडलेल्या पंपापाशी थांबते पंचवीस मिनिटं.
आत ऊब असते म्हणून चढलो.
सगळा गाव विचारतो, साईमी कशी आहे?
हिल्का म्हणाली, बूट झटक.
मग वाकून खालच्या फळीवरून एक पुस्तक काढलं,
कण्याला चिकटपट्टी, कोपरे कुरतडलेले:
कुण्या लबाड घोडेव्यापाऱ्याची गोष्ट.
"शिकण्यासारखं काही नाही यात," ती म्हणाली,
"आणि कुणी मरत नाही. घोडासुद्धा."
मी म्हटलं, माझ्याच्यानं होत नाही आता वाचणं.
"नको वाचूस. घेऊन जा.
बसचं तेवढंच ओझं कमी."

नऊ दिवस पुस्तक लाकडांच्या पेटीवर पडून होतं,
वर माझे ओले मोजे.
दहाव्या रात्री मोजे उचलले आणि ते उघडलं गेलं.
समासात कुणीतरी पेन्सिलनं लिहिलं होतं:
खोटं बोलतोय हा!
कोण खोटं बोलतोय, म्हणून चार ओळी मागे गेलो.
बोलतच होता.
पुढच्या पानावर पुन्हा पेन्सिल: बघा, म्हटलं नव्हतं?
कोण हा माणूस, कोणत्या गावचा,
कोणत्या साली बसला होता दिव्याखाली,
ठाऊक नाही; पण त्याच्याशी
वाद घालत घालत मी
बारावरून तिसावर, तिसावरून चाळिसावर गेलो,
आणि चहा गार झाला
हे चहा गार झाल्यावर कळलं.

पान सत्तेचाळीस.
व्यापाऱ्यानं पाद्रीबुवांना घोडा विकलाय:
मोठा भाविक जीव, देवघर दिसलं की गुडघे टेकतो.
आणि रविवारी, बिशपसाहेब शेजारी,
सगळी मंडळी मागे,
घोडा गुडघे टेकतो
गुत्त्याच्या दारात.

घरात कसलातरी आवाज झाला.
तो माझाच होता.

"उंतो?" पलीकडच्या खोलीतून. "काय झालं?"

वर्षभर रात्री हे मी विचारायचो,
आणि ती सांगायची: पाय. श्वास. काही नाही, झोप.
मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.
"घोडा," म्हटलं, "गुत्त्यापुढे गुडघे टेकून बसलाय."

छपरावरून बर्फाचा एक थर घसरला.
मग काहीच नाही.
मग सपाता फरपटल्याचा आवाज,
आणि दारात ती, घोंगडी पांघरून,
केस एका बाजूला चपटे:

"कुणाचा घोडा?"