रात्रपाळीची नोंदवही

हर्णै बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यावर मी रात्रीचा राखणदार.
वहीत लिहायचं ते इतकंच:
कुठल्या होडीला किती लाद्या, किती वाजता.
समासात मात्र मी आणखी एक वेळ टिपायचो,
पेन्सिलीने, मालकाच्या चष्म्याला सापडू नये इतकी बारीक:
मृगाचे तीन तारे डोंगरावर आले.

दिवाळी सरली त्या रात्री पावणेदहा.
आठवड्याने सव्वानऊ.
मधल्या दोन जागा कोऱ्या, तेव्हा मी झोपलो होतो.

रोज चार मिनिटं लवकर.
भरती रोज पाऊण तास उशिरा येते,
तिच्यामागे चंद्र आहे, हे बंदरावर पोरंही सांगतात.
पण ताऱ्यांना कसली घाई?
मी भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलला.
फरक पडला नाही.

याकूब होडेकर तांडेल बर्फासाठी खोळंबला होता.
त्याला समास दाखवला.
तो हसला नाही. बत्ती उचलून जेटीवर आला,
पालथ्या पाटीवर ती ठेवली आणि म्हणाला,
पाठ कर तिला, नि चाल तिच्याभोवती.

आधी किल्ला दिसला, काळोखात आणखी काळा.
मग नांगरलेल्या होड्या,
मग आमचं पत्र्याचं छप्पर, कुणाच्या तरी पडवीतला दिवा,
डोंगर,
आणि परत किल्ला.

किल्ला फिरला?
नाही, मी.
मग झालं तर. बत्ती म्हणजे सूर्य.
तू म्हणजे आपण सगळे, म्हावऱ्यासकट.
रात्र म्हणजे बत्तीला केलेली पाठ.
रोज एक पाऊल, त्याची चार मिनिटं,
वर्षाचा एक फेरा.
आता तोंड इकडे कर. पलीकडे काय दिसतं?

पलीकडे किल्ला होता, मला ठाऊक होतं.
डोळ्यांत नुसतं पिवळं.

लाद्या भरून तो गेला. तेवीस लाद्या, अकरा चाळीस.

मार्गशीर्षात पुनवेचा चंद्र मृगाकडे पाहुणा आला.
वैशाखात तेच तीन तारे
दिवेलागणीनंतर थोडेसे दिसायचे, समुद्राच्या अगदी कडेला,
एके दिवशी तेही नाहीत.
डोंगराच्या बाजूने विंचू वर आला, त्याचं काळीज तांबडं.

जूनच्या सातला पंचांगात: सूर्य मृगात, वाहन म्हैस.
गावभर एकच, मृग लागला, मृग लागला.
होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या,
कारखाना बंद, यंत्रं गप्प,
मी किल्ली द्यायला गेलो होतो, तो वही उघडून बसलो.
आयुष्यभर ऐकलेलं हे वाक्य, आणि कुणी सांगितलं नाही,
की मृग लागतो तेव्हा मृग दिसत नाही.

लाद्या: शून्य. होड्या: शून्य.
समासात, या वेळी शाईने:
मृग हजर. बत्तीमागे.