दहा तेत्री

ग्लदानीतल्या या इमारतीत
नाणं टाकल्याशिवाय लिफ्टचं बटण पेटत नाही.
वर जायचं तर दहा तेत्री,
उतरणं फुकट.

झाइरा आठव्या मजल्यावर राहते.
तिबिलिसीच्या मेट्रोत, पार तळाशी, काचेच्या खोक्यात बसून
एकवीस वर्षं तिनं सरकते जिने राखले.
दिवसभर माणसं वर जाताना पाहायची,
आपण मात्र बसलेली,
खिशात सूर्यफुलाच्या बिया, खारवलेल्या.

मग मार्चमध्ये डाव्या हातातून
मुंग्यांसारखं काहीतरी चढलं.
डॉक्टर मुलीच्या वयाची. म्हणाली,
मीठ सोडा. बसणं सोडा.
"आणि लिफ्ट?" झाइरानं थट्टेनं विचारलं.
मुलगी हसली नाही.

पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच
जिभेवर लोखंडाची चव आली.
पाचव्यावर, शाल्व्हाच्या दारापाशी, ती टेकायची.
आतून धूर, तळलेल्या वांग्याचा वास, फुटबॉल.
"म्हातारे, दहा तेत्रींपायी मरशील," तो म्हणायचा.
ती उत्तर द्यायची नाही.
श्वासच नसायचा.

घरी पोचली की न खर्चलेलं नाणं
लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. टण्ण.
सुलुगुनी चीज रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची,
सकाळी चाखायची:
धुतलेल्या फडक्यासारखं.
तरी खायची. बहुतेक दिवस.
भाचीच्या लग्नात मात्र सगळंच खाल्लं,
आणि दुसऱ्या दिवशी काही काम नसताना
दोनदा चढली.

जानेवारीत, रात्री दोनला,
शाल्व्हाची बायको किंचाळली.
खाली अँब्युलन्सचे दोघे, हातात जड यंत्र,
खिशात नोटा, कार्ड,
नाणं एकही नाही.
झाइरानं बाल्कनीतून दोरीची टोपली सोडली,
एरवी जिच्यातून पाव आणि कांदे वर येतात.
आत बरणी.
आठ मजले ती खुळखुळत गेली
बर्फातून, अंधारातून,
दहा महिन्यांचे जिने उलटे उतरत.

खालून लिफ्टची घरघर ऐकू आली
तेव्हा कुठे तिचा जीव
भांड्यात पडला.

एप्रिलमध्ये शाल्व्हा तिला
दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेला सापडला.
चेहरा राखेचा. बोटांत सिगारेट नव्हती,
पण बोटं तशीच धरलेली.
"किती राहिले?"
तिनं सांगितलं नाही. शेजारी बसली,
खिशातून बिया काढल्या.
अळणी.
त्यानं एक फोडली, तोंड वाकडं केलं,
आणि हात पुन्हा
पुढे केला.